धाकट्या नावेचा संसार

थोर जहाजांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. कोलंबसाचीं जहाजें, नेल्सनचें आरमार, आपल्याकडील आंग्र्यांच्या गुराबा व गलबतें यांचीं वर्णनें ग्रंथांतून हवीं तेवढीं सांपडतात. परंतु पहांटेच्या अंधुक प्रकाशांत एका-दोघांना पोटांत घेऊन तळ्यांत किंवा खाडींत शिरणारी, आणि दिवस मावळतां मावळतां चार मासे घेऊन परतणारी जी बारा-चौदा फुटांची होडी, तिचा इतिहास लिहावा असें फारसें कोणाला वाटलें नाहीं. वास्तविक पाहतां मनुष्यानें पाण्यावर जें पहिलें पाऊल टाकलें तें अशाच कांहीं साधनांतून. आणि गंमत अशी कीं, शतकानुशतकें जिच्यांत वल्हें आणि शीड यांपलीकडे फारसें कांहीं बदललें नाहीं, तिचा सारा संसार गेल्या अवघ्या सव्वाशें वर्षांत पालटून गेला.

आज अमेरिकेंतील एखादा कारकून अथवा कारखान्यांतील कामगार आपली पहिली मासेमारीची नाव घेतो, तेव्हां तो घेतो तरी काय? ॲल्युमिनियमच्या पत्र्याचें एक हलकें कवच, त्याच्या पिछाडीस टांगलेलें एक यंत्र, पोटांत एक बॅटरी, नाळेवर तांबडा व हिरवा दिवा, आंत आलेलें पाणी उपसणारा एक चिमुकला पंप, मासे कोठें आहेत तें सांगणारी एक पेटी, आणि हें सर्व ओढून नेण्यासाठीं दोन चाकांचा एक ट्रेलर. नवा मालक एक-दोन रविवार अंगणांत बसून या वस्तूंना तारांनीं जोडतो, आणि तिसऱ्या रविवारीं मोटारीमागें नाव बांधून दूरचें सरोवर गांठतो. नवविवाहित जोडप्यानें बिऱ्हाड थाटावें तसाच हा प्रकार. परंतु या बिऱ्हाडांतील एकेक भांडें कोणाच्या तरी बुद्धीनें, कष्टानें, क्वचित् फजितीनेंहि मिळालेलें आहे. आणि त्यांतील एखादें चुकीच्या जागीं मांडलें गेलें तर प्रसंग थेट प्राणाशीं येतो. म्हणूनच या संसाराची कथा जाणून घेण्यासारखी आहे.

कथेचा आरंभ एका थोर शास्त्रज्ञाच्या फजितीपासून करणें योग्य होईल. इंग्रजी आरमाराच्या लांकडी जहाजांना पाण्याखालीं तांब्याचा पत्रा मढविलेला असे. लांकूड पोंखरणारे किडे व तळाला चिकटणारे शिंपले यांपासून जहाजाचें रक्षण व्हावें, हा त्यांतील हेतु. परंतु खाऱ्या पाण्यानें तांबेंच झिजूं लागलें, तेव्हां आरमारखात्यानें सर हंफ्री डेव्ही यांस उपाय विचारला. डेव्ही यांनीं १८२४ सालीं रॉयल सोसायटीपुढें आपला शोध मांडला. धातूची ही झीज म्हणजे विजेचाच खेळ आहे. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा एक लहानसा तुकडा जोडून ठेवला तर तो तुकडा स्वतः झिजतो आणि तांबें वांचतें, असें त्यांनीं दाखवून दिलें. शास्त्र अगदीं बरोबर ठरलें, तांबें वांचलें. पण जहाजें मात्र पूर्वींपेक्षां मंद चालूं लागलीं! कारण झिजणाऱ्या तांब्याचें जें विष पाण्यांत उतरत होतें, त्याच्याच भीतीनें शिंपले दूर राहत होते. तांबें झिजेनासें झालें, तशी शिंपल्यांची वस्ती तळावर वाढली. अखेर ते तुकडे काढून टाकावे लागले, आणि डेव्हींसारख्या मानी पुरुषास हा उपहास गिळावा लागला.

परंतु सत्य वायां जात नाहीं. आज जगांतील असंख्य यंत्रनावांच्या पाण्यांत बुडणाऱ्या भागाला जस्ताचा किंवा तत्सम धातूचा एक वेडावांकडा तुकडा बोल्टानें बसविलेला असतो, तो डेव्हींचाच वारसा होय. नवा मालक पुष्कळदां त्यास निरुपयोगी समजून रंगवून टाकतो, आणि मग वर्षा-दोन वर्षांत यंत्राचें मौल्यवान् कवच खाल्लें गेलेलें पाहून कपाळावर हात मारून घेतो. तो तुकडा झिजण्यासाठींच असतो. रंगाखालीं झांकला कीं त्याचें काम थांबतें. पाणी, विशेषतः खारें पाणी, आणि वीज यांच्या संगमांत धातूचा बळी जातो, हा धाकट्या नावेच्या संसारांतील पहिला धडा आहे.

दुसरा धडा दिव्यांचा. आगबोटी वाढल्या तसे रात्रीचे अपघातहि वाढले. समोरून येणारा दिवा आपल्याकडे येतो आहे कीं दूर जातो आहे, हें अंधारांत कळावें कसें? ब्रिटिश आरमारखात्यानें १८४८ सालीं आगबोटींसाठीं नियम केला कीं, डाव्या अंगास तांबडा, उजव्या अंगास हिरवा आणि वर पांढरा दिवा असावा. दहा वर्षांनीं, म्हणजे १८५८ सालीं, शिडाच्या जहाजांनाहि बाजूचे रंगीत दिवे लागू झाले. आज १९७२ सालच्या आंतरराष्ट्रीय करारानें हेच रंग सर्व जगांत चालतात. समोर तांबडा व हिरवा दोन्ही दिसले तर नाव थेट अंगावर येत आहे असें समजावें; एकच दिसला तर ती आडवी जात आहे. इतकी सोपी ही लिपि आहे. सरोवरांतील चौदा फुटी नावेनेंहि ती पाळावी लागते. आणि नवा मालक तारा जोडतांना तांबडा व हिरवा दिवा अदलाबदल करून बसवितो, तेव्हां तो नकळत समोरच्या नावाड्यास खोटी बातमी देत असतो.

आतां वीज नावेवर आली कशी तें पाहूं. १८५९ सालीं फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यानें शिशाचे पत्रे व गंधकाम्ल यांचा असा घट तयार केला कीं, जो रिकामा झाल्यावर पुनः भरतां येई. मोटारींत व नावेंत आज जी जड बॅटरी दिसते ती त्याच घटाची वंशज होय. यानंतर बावीस वर्षांनीं, १८८१ च्या मे महिन्यांत, पॅरिसचा कुशल यंत्रकार गुस्ताव्ह त्रूव्हे यानें सेन नदीवर एक अपूर्व दृश्य दाखविलें. त्यानें आपल्या होडीच्या सुकाणूवरच विजेची मोटर व पंखा बसविला होता, आणि रासायनिक घटांच्या जोरावर ती होडी वल्ह्यावांचून चालत होती. सुकाणू उचलून काढलें कीं सारें यंत्र हातांत येई. नावेच्या बाहेर टांगावयाच्या यंत्राची कल्पना प्रथम साकार झाली ती अशी, आणि तीहि विजेवर. परंतु त्या काळच्या घटांत दम कमी व खर्च फार. म्हणून हें नवल तेव्हां नवलच राहिलें.

पुढचें पाऊल अमेरिकेंत पडलें. येल विद्यापीठांतील कॅमेरॉन वॉटरमन नांवाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यानें मोटारसायकलच्या एंजिनावरून कल्पना घेऊन नावेच्या पिछाडीस अडकविण्याचें पेट्रोलचें यंत्र तयार करविलें. १९०५ सालीं डेट्रॉइट नदीवर त्याची परीक्षा झाली आणि १९०७ सालीं त्याला पेटंट मिळालें. ‘आउटबोर्ड मोटर’ हें नांवहि त्याचेंच म्हणतात. परंतु हें यंत्र घरोघर पोंचविण्याचें भाग्य मात्र दुसऱ्याच एका माणसाच्या कपाळीं लिहिलेलें होतें.

ऑली एव्हिनरूड हा १८७७ सालीं नॉर्वेंत जन्मला. त्याच्या लहानपणींच त्याचें कुटुंब अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतीं येऊन एका सरोवराच्या कांठीं शेती करूं लागलें. ऑलीचें शालेय शिक्षण बेतास बात. परंतु यंत्रांचें वेड असें कीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं तो घर सोडून मॅडिसन शहरीं कारखान्यांत उमेदवारी करूं लागला, आणि रात्रीं स्वतःच पुस्तकें वाचून यंत्रशास्त्र शिकला. पुढें पिट्सबर्ग, शिकागो असा हिंडून तो मिलवॉकी येथें स्थायिक झाला. तेथें त्याच्या कारखान्याचा पत्रव्यवहार व हिशेब संभाळावयास बेस कॅरी नांवाची एक हुशार तरुणी होती. तिची व ऑलीची ओळख वाढली आणि तिचें पर्यवसान विवाहांत झालें.

यांच्यासंबंधानें जी कथा सांगतात ती मोठी गोड आहे. उन्हाळ्याच्या एका दिवशीं मंडळी ओकॉची सरोवरांतील एका बेटावर वनभोजनास गेलीं होतीं. बेसला आइस्क्रीम खाण्याची इच्छा झाली. ऑलीनें तत्काळ वल्हीं हातीं घेतलीं आणि दोन-अडीच मैल होडी हांकीत पैलतीर गांठला. परंतु आइस्क्रीम घेऊन परत येतां येतां ऊन व वारा यांनीं त्याला दमविलें, आणि बेटावर पोंचेपर्यंत आइस्क्रीमचें दूध झालेलें होतें. याच फजितींतून त्याच्या डोक्यांत होडीस लावावयाच्या यंत्राचा विचार घोळूं लागला. कथेंतील तपशील सांगणाऱ्यागणिक थोडाबहुत बदलतो. पण यंत्राचा शोध मात्र निर्विवाद आहे. त्याचें पहिलें ओबडधोबड यंत्र पाहून बेस म्हणाली कीं, हें तर कॉफी दळण्याचें जातें दिसतें!

या ‘जात्याची’ रचना मात्र पक्की होती. सिलिंडर आडवा, दांडा उभा, आणि पाण्याखालच्या पेटींत दांतेरी चाकें घालून उभ्या दांड्याची गति आडव्या पंख्याला दिलेली. मूळ योजना इतकी नेमकी कीं पुढें कित्येक पिढ्यांनीं तीच सुधारून वापरली. १९०९ सालीं विक्रीस आलेलें यंत्र वजनानें ६२ पौंड, शक्तीनें दीड अश्वशक्तीचें, आणि किंमत बरोबर ६२ डॉलर! एका मित्रानें तें मासेमारीस नेलें, तो परत आला तो दहा यंत्रांची मागणी घेऊनच, असें सांगतात. वल्हीं फेंकून द्या, असें सांगणारी जाहिरात बेसनें स्वतः लिहिली, आणि मागण्यांचा पाऊस पडला. परदेशांतून, विशेषतः उत्तरेकडील मच्छीमारांकडून, यंत्रास मोठी मागणी आली. हौशी माणसाच्या करमणुकीसाठीं निर्माण झालेली वस्तु गरीब कोळ्याच्या पोटापाण्याचें साधन बनली.

परंतु मनुष्याचें मन पारखण्याचा प्रसंग पुढेंच होता. रात्रंदिवस कामानें बेसची प्रकृति ढांसळली. कारखाना भरभराटीस येत असतांना, १९१४ च्या सुमारास, ऑलीनें आपला हिस्सा भागीदारास विकून टाकला. पांच वर्षें या धंद्यांत पडणार नाहीं असें लिहून दिलें. आणि बायको व मुलगा यांना घेऊन तो प्रवासास निघाला. ज्या शोधानें त्याचें नांव जगभर गेलें त्या शोधावर त्यानें पत्नीसाठीं पाणी सोडलें. आपलेंच नांव धारण करणारा कारखाना दुसऱ्याच्या हातीं चालतांना पाहणें, हा एका निर्मात्याला केवढा जाच असेल याची कल्पनाच केलेली बरी.

मात्र त्याचें डोकें रिकामें बसलें नव्हतें. मुदत संपतांच त्यानें दोन सिलिंडरांचें, ॲल्युमिनियमचे भाग वापरलेलें, जास्त शक्तीचें परंतु पुष्कळ हलकें यंत्र तयार केलें. जुन्या भागीदारानें तें नाकारलें, तेव्हां १९२१ च्या सुमारास पतिपत्नींनीं ‘एल्टो’ नांवाचा नवा कारखाना काढला, आणि थोड्याच वर्षांत आपल्याच जुन्या नांवाशीं टक्कर देऊन बाजार जिंकला. १९२९ सालीं दोन्ही कारखाने पुनः एका छत्राखालीं आले. बेस १९३३ सालीं वारली. आणि पाठोपाठ दुसऱ्याच वर्षीं ऑलीहि गेला. पुढें त्या कारखान्यानें अनेक धनी पाहिले. २००० सालीं त्याचें दिवाळें निघालें, नव्या धन्यानें तें नांव आणखी वीस वर्षें चालविलें आणि २०२० सालीं तीं यंत्रें करणें बंद केलें. नांव इतिहासजमा झालें, परंतु रचना राहिली.

बेसच्या पश्चात् सालभरांतच, १९३४ मध्यें, उत्तर डाकोटांतील फार्गो गांवीं ओ. जी. श्मिट नांवाच्या गृहस्थानें आणखी एक गंमत केली. फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीची एंजिन चालूं करणारी विजेची मोटर त्यानें काढली, तिला लवचिक दांडा व पंखा जोडला, आणि ती नावेस लावली. पेट्रोलच्या यंत्राच्या आवाजानें मासे दूर पळतात; ही मोटर मात्र कुजबुजतहि नाहीं. त्रूव्हेचें स्वप्न अशा रीतीनें अर्ध्या शतकानंतर मासे धरणाऱ्याच्या उपयोगास आलें. एंजिन चालूं करण्यासहि दोरी ओढण्याऐवजीं बॅटरी याच काळांत वापरली जाऊं लागली होती. अशा प्रकारें बॅटरी नावेंत आली, ती कायमची.

दुसऱ्या महायुद्धानें नावेचें अंगहि बदललें. १९४४ सालीं ग्रमन या विमानांच्या कारखान्यांतील एक अधिकारी विल्यम हॉफमन हा ॲडिराँडॅक डोंगरांत सहलीस गेला असतां जड लांकडी होडी खांद्यावर वाहून दमला. विमानाच्या पत्र्याची होडी कां करूं नये, असा विचार त्याच्या मनांत आला, आणि युद्ध संपतां संपतां त्या कारखान्यांतून ॲल्युमिनियमच्या होड्या बाहेर पडूं लागल्या. १९४८ सालीं मिनेसोटांत हॉवर्ड लंड यानेंहि अशाच नावांचा कारखाना काढला. लांकडी होडी सुकली कीं फटते, म्हणून ती पाण्याजवळ ठेवावी लागे. पत्र्याची होडी अंगणांत महिनोन् महिने पडली तरी तिचें कांहीं बिघडत नाहीं.

येथेंच ट्रेलरचें माहात्म्य आहे. पूर्वीं नाव ही पाण्याकांठच्या माणसाची मालमत्ता. युद्धोत्तर अमेरिकेंत घरोघर मोटार आली. १९५६ च्या कायद्यानें देशभर रुंद रस्ते बांधण्याचें काम सुरू झालें. टेनेसी खोऱ्यांत १९३३ पासून बांधलेल्या धरणांसारख्या योजनांनीं मोठमोठे जलाशय निर्माण केले. अशा वेळीं दोन चाकांच्या गाड्यावर हलकी नाव चढवून कोणीहि नगरवासी कोणत्याहि पाण्याचा धनी होऊं लागला. सरोवराकांठीं बंगला असण्याचें कारण उरलें नाहीं. श्रीमंतांची करमणूक सामान्यांच्या दारांत आली, तिचें श्रेय यंत्राइतकेंच या बापुड्या गाड्याकडे जातें.

मात्र गाड्याचेहि कांहीं स्वभाव आहेत. भार फार मागें गेला तर धांवतांना तो सर्पासारखा डोलूं लागतो. म्हणून एकूण वजनाचा सुमारें दहावा भाग मोटारीच्या जोडावर पडेल अशी नाव पुढें-मागें सरकवून बसवितात. लांबच्या प्रवासानें चाकांचीं बेअरिंगें तापलेलीं असतात. तीं तशींच थंड पाण्यांत बुडविलीं तर आंतील हवा आकसते व पाणी आंत ओढलें जातें. मागील दिव्यांचीहि तीच गत. तापलेली कांच थंड पाण्यांत तडकते. म्हणून जाणता मनुष्य उतारावर गाडा पाण्यांत सोडण्यापूर्वीं दिव्यांची जोडतार सोडवून ठेवतो व थोडा वेळ थांबतो. गाड्याच्या दिव्यांना चार तारा असतात: अमेरिकेंतील रीतीप्रमाणें पांढरी परतीच्या प्रवाहाची, तपकिरी मागील दिव्यांची, पिंवळी डाव्या व हिरवी उजव्या इशाऱ्याची. पुष्कळ लोक पांढरी तार नीट न जोडतां लोखंडी जोडाच्या स्पर्शावरच परतीचा प्रवाह सोंपवितात. जोड गंजतो, दिवे मिणमिणतात, आणि मागून येणाऱ्यास गाडा दिसत नाहीं.

मासे दाखविणाऱ्या पेटीची कथा जपानांतील आहे. नागासाकी प्रांतांत फुरुनो नांवाच्या बंधूंचा नावांना विजेचें सामान बसवून देण्याचा लहानसा धंदा होता. समुद्रांतून जेथें बुडबुडे येतात तेथें मासे असतात, असें एका अनुभवी मच्छीमारानें सांगितलेलें त्यांच्या ध्यानांत राहिलें. बुडबुड्यावरून ध्वनि परावृत्त होत असला पाहिजे, असा तर्क करून त्यांनीं युद्धांतून उरलेल्या खोली मोजण्याच्या यंत्रांवर प्रयोग केले. प्रथम मच्छीमारांचा विश्वास बसेना. परंतु १९४८ सालीं मासे शोधणारें व्यवहार्य यंत्र सिद्ध झालें. अमेरिकेंत कार्ल लोरन्स यानें आपल्या मुलांसह १९५७ पासून खटपट करून लहान नावेस परवडेल अशी छोटी पेटी तयार केली. तारा जोडणाऱ्या कारागिराच्या हातून समुद्राचा तळ दिसूं लागला, हें या कथेंतील मोठें रमणीय स्थळ आहे.

आतां सारें सामान जमलें. तें जोडावयाचें कसें? घरांतील वीज व नावेंतील वीज यांत मोठें अंतर आहे. घर हालत नाहीं. नाव सदैव हालते. म्हणून घरांतली एकपदरी जाड तार येथें कांहीं दिवसांत थकून तुटते. अनेक बारीक धाग्यांची, व शक्य तर कलई केलेली तांब्याची तार हवी. मोटारगाडींत लोखंडी सांगाड्यांतूनच प्रवाह परत आणतात. नावेंत तसें करणें म्हणजे डेव्हींचा प्रयोग उलटा करून स्वतःच्याच नावेस बळी देणें होय. प्रत्येक दिव्यास व पंपास जाण्याची एक व येण्याची एक अशा दोन तारा पाहिजेत, आणि पत्र्याच्या अंगांतून प्रवाह मुळींच वाहतां कामा नये.

तारेची जाडीहि हिशेबाची बाब आहे. समजा, पंप बॅटरीपासून वीस फुटांवर आहे व तो पांच अँपिअर प्रवाह घेतो. जाऊन येऊन तार चाळीस फूट झाली. अमेरिकन मापाची १६ नंबरची बारीक तार वापरली तर वाटेंतच सुमारें पाऊण व्होल्ट खर्ची पडतो, म्हणजे बारा व्होल्टांतील सहा टक्क्यांहून अधिक. १२ नंबरची जाड तार घेतली तर तोटा तीन टक्क्यांच्या आंत येतो. महत्त्वाच्या दिव्यांसाठीं व पंपासाठीं तीन टक्के ही मर्यादा तज्ज्ञ मानतात. चार पैसे वांचविण्यासाठीं बारीक तार घेणारा मनुष्य वादळाच्या वेळीं पंप मंद झाला म्हणून दैवाला दोष देतो!

फ्यूजचेंहि असेंच. फ्यूज दिव्याचें किंवा पंपाचें रक्षण करतो असा पुष्कळांचा समज असतो. खरें पाहतां त्याचें मुख्य काम तारेचें रक्षण करणें हें आहे. म्हणून तो बॅटरीच्या अगदीं निकट, तारेच्या उगमापाशीं असला पाहिजे. दूर बसविला तर मधली तार अनाथ राहते. ती घांसून पत्र्यास टेकली कीं बॅटरीचा सारा जोर तिच्यांत उसळतो आणि ती तप्त होऊन पेटते. शेजारीं पेट्रोलची टांकी असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड. ती नावेच्या तळाशीं अदृश्य साचून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते. पाण्याच्या मधोमध आग लागली तर पळावयाचें कोठें? पंपाची तार मुख्य बटणाच्या अलीकडून, स्वतंत्र फ्यूजमधून घेतात, त्याचेंहि कारण असेंच आहे: मालक बटण बंद करून घरीं निजला असतांहि पावसाचें पाणी उपसलें गेलें पाहिजे.

या गोष्टी पुष्कळ प्राण गेल्यावर जगाला कळल्या. अमेरिकेनें १९४० सालीं मोटारबोटींचा कायदा करून वाफ बाहेर घालविण्याची सोय, आग विझविण्याचें साधन व तरंगण्याचीं साधनें सक्तीचीं केलीं. १९७१ च्या कायद्यानें नावा बांधणाऱ्यांवरच सुरक्षिततेचे दंडक घातले. आणि २०२१ च्या एप्रिलपासून २६ फुटांखालील बहुतेक यंत्रनावांच्या चालकानें यंत्र बंद करणारी कळ स्वतःच्या अंगाशीं जोडून ठेवावी असा नियम झाला. चालक पाण्यांत पडला तर दोरी ओढली जाते व यंत्र थांबतें. नाहींतर रिकामी नाव गरगर फिरत त्याच्याच अंगावर येते. हातभर लांबीची ती दोरी. पण एखाद्या घरचा दिवा तिच्यावर अवलंबून असतो.

हा सारा इतिहास परक्या देशांचा वाटला तरी आपल्या किनाऱ्यापासून तो दूर नाहीं. भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रें यांच्यांत १९५२ सालीं करार झाला, आणि १९५३ पासून केरळच्या किनाऱ्यावर कोल्लमजवळील नींदकर येथें मच्छीमारीस यंत्रनावांची जोड देण्याचें काम सुरू झालें. ज्या देशांतून बालपणीं ऑली एव्हिनरूड बाहेर पडला, त्याच देशाचे तज्ज्ञ यंत्रनावा घेऊन हिंदी महासागराच्या कांठीं आले, हा योगायोग मोठा मनोहर आहे. पुढें १९८० नंतर तेथील साध्या होड्यांनाहि पिछाडीस टांगावयाचीं यंत्रें मोठ्या प्रमाणावर लागलीं. यंत्रानें कष्ट कमी झाले, तसा इंधनाचा व कर्जाचा भारहि वाढला; मोठ्या यंत्रनावा व लहान होड्या यांच्यांत माशांसाठीं कलह माजले. कोंकणच्या कोळीवाड्यांतहि आज वल्ह्याची जागा पुष्कळ अंशीं यंत्रानें घेतली आहे. प्रत्येक नवें साधन कांहीं देतें तसें कांहीं मागतेंहि.

म्हणून पहिली नाव सजवून पाण्यांत सोडणाऱ्यानें घाई करूं नये. तळाचें पाणी सोडण्याचें बूच बसविलें आहे कीं नाहीं, हें जुना नावाडी नाव उतरविण्यापूर्वीं हात लावून पाहतो. नवखा मनुष्य मात्र तें अंगणांतच विसरतो, आणि साऱ्या घाटाच्या देखत त्याची नाव हळूच पाणी पिऊं लागते. तसेंच सारे दिवे किनाऱ्यावरच लावून पाहावेत, पंप बादलीभर पाणी ओतून चालवावा, तारा हातानें ओढून पाहाव्यात. एका विद्वानाची फजिती, एका प्रेमळ नवऱ्याची वितळलेली आइस्क्रीम, एका तार जोडणाऱ्या कारागिराचा तर्क आणि न मोजलेल्या मच्छीमारांचे प्राण, एवढें सारें त्या चौदा फुटांच्या पत्र्यांत सामावलेलें आहे. जो हें जाणून आपली नाव जोडतो, त्याची नाव बहुधा संध्याकाळीं घरीं परत येते. आणि कांठावर वाट पाहणाऱ्या घरच्या माणसांना त्याहून अधिक कांहीं नको असतें.